पडदा मोठा, अक्षरे पुसट

दसरा-दिवाळीच्या सवलतींत ४३ किंवा ५५ इंची टीव्ही घरी येतो, दिवाणखान्याच्या भिंतीवर दिमाखात विराजमान होतो आणि चार-आठ दिवसांत कुणाच्या तरी मनात येते, की लॅपटॉपही याच पडद्याला जोडला तर? सहलीची छायाचित्रे सगळ्यांना एकत्र पाहता येतील, मुलांना अभ्यासाच्या चित्रफिती मोठ्या दिसतील, आजोबांना वर्तमानपत्राची ई-आवृत्ती डोळ्यांना ताण न देता वाचता येईल. एचडीएमआयची केबल आणली जाते, दोन्ही टोके खोचली जातात, पडद्यावर लॅपटॉपचे चित्र उमटतेही. मात्र हा आनंद फार काळ टिकत नाही. अक्षरांच्या कडा फुटल्यासारख्या दिसतात, लाल अक्षरे शेजारच्या रंगात विरघळतात, पडद्याच्या तळाशी असणारी टास्कबार निम्मी कापली जाते. १५ इंची लॅपटॉपवर जे लख्ख दिसत होते तेच जवळपास तिप्पट मोठ्या पडद्यावर धुरकट होते.

मग संशयाची सुई केबलकडे वळते. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो वा पुण्याची तपकीर गल्ली, सारख्याच लांबीची एचडीएमआय केबल काहीशे रुपयांपासून काही हजारांपर्यंत मिळते, आणि महाग ती चांगली हा हिशेब ग्राहकाच्या मनात पक्का असतो. काही जण त्याही पुढे जाऊन टीव्हीच सदोष ठरवतात. बहुतेक वेळा हे दोन्ही निदान चुकीचे असते. संगणकाकडून आलेले चित्र हा एखादा दूरचित्रवाणी कार्यक्रमच आहे, असे समजून टीव्ही त्यावर आपले नेहमीचे संस्कार करतो आणि तिथेच अक्षरांचा घात होतो. हे संस्कार थांबवण्याची सोय टीव्हीच्या आणि संगणकाच्या सेटिंग्जमध्ये असते. त्यासाठी एक रुपयाही पडत नाही. फक्त ती कुठे आहे हे ठाऊक हवे.

२०२०मध्ये टाळेबंदीच्या काळात शाळा घरात आल्या, तेव्हा ही गोष्ट अनेक कुटुंबांच्या प्रथमच लक्षात आली. मोबाइलच्या चिमुकल्या पडद्यावर तासन् तास डोळे खुपसून बसण्यापेक्षा टीव्ही बरा, म्हणून लॅपटॉप टीव्हीला जोडले गेले. शिक्षकांचा चेहरा छान दिसे, पण फळ्यावरची किंवा स्लाइडवरची अक्षरे वाचताना मुले पुढे सरकत सरकत थेट पडद्यासमोर जाऊन बसत. देवनागरीच्या बाबतीत तर पुसटपणा अधिकच जाचतो. घ आणि ध, भ आणि म यांच्यातला फरक एका बारीक रेषेचा. अनुस्वार म्हणजे तर दोन-चार ठिपक्यांचा खेळ. ते ठिपके विरघळले की शब्दाचा अर्थच बदलतो.

दोन पडद्यांचे दोन स्वभाव

टीव्ही आणि संगणकाचा मॉनिटर आज बाहेरून सारखेच दिसतात, आतले पॅनेलही पुष्कळदा एकाच तंत्राचे असते. पण दोघांची घडण निराळी. टीव्हीचा जन्म हलती चित्रे दुरून पाहण्यासाठी झाला, मॉनिटरचा स्थिर अक्षरे जवळून वाचण्यासाठी. भारतात दूरदर्शनने स्वीकारलेल्या पाल पद्धतीत चित्राच्या एकूण ६२५ ओळी असत आणि त्यांपैकी ५७६ ओळींतच प्रत्यक्ष चित्र असे. त्याही एका दमात येत नसत. आधी एकाआड एक ओळींचा अर्धा भाग, मग उरलेला अर्धा. क्रिकेटचा सामना किंवा रविवारचा चित्रपट पाहायला एवढे पुरत असे. त्यावर बारीक अक्षरे वाचावीत, अशी कुणाची अपेक्षाही नव्हती.

गंमत अशी की, घरगुती संगणकाचा पहिला पडदा टीव्ही हाच होता. १९८२मध्ये ब्रिटनमध्ये आलेला सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम हा संगणक टीव्हीच्या अँटेनाच्या खोबणीतच जोडला जाई. त्यावर एका ओळीत ३२ अक्षरे आणि एकूण २४ ओळी मावत. तेवढीही अक्षरे थरथरतच उमटत, कारण संगणकाचे चित्र आधी प्रक्षेपणाच्या लहरींत रूपांतरित व्हायचे आणि मग टीव्ही ते एखाद्या वाहिनीसारखे पकडायचा. पुढे पिवळ्या टोकाची व्हिडिओ वायर आली. तिच्यात प्रकाश आणि रंग यांची माहिती एकाच तारेतून कोंबलेली असे. एस-व्हिडिओने या दोघांना वेगळे केले. आयबीएमने १९८७मध्ये आणलेल्या १५ पिनांच्या व्हीजीए जोडणीने लाल, हिरवा, निळा असे तिन्ही रंग स्वतंत्र तारांतून नेले. पण मुळात ती मॉनिटरसाठी होती आणि आवाज तिच्यातून जातच नाही. डिसेंबर २००२मध्ये एचडीएमआयचा पहिला आराखडा प्रसिद्ध झाला. त्यानंतर चित्र आणि आवाज अंकांच्या स्वरूपात एकाच केबलमधून जाऊ लागले.

तार बदलली, टीव्हीच्या सवयी मात्र पूर्वीच्याच राहिल्या.

कडा कापण्याची जुनी खोड

त्यांतली सर्वांत जुनी सवय म्हणजे ओव्हरस्कॅन. काचेच्या पिक्चर ट्यूबच्या काळात चित्राच्या कडा वेड्यावाकड्या दिसू नयेत म्हणून चित्र पडद्यापेक्षा थोडे मोठेच पसरवले जाई. कडेचा भाग चौकटीआड लपत असे. सपाट पॅनेलच्या टीव्हीला याची काही गरज नाही. तरीही अनेक संच एचडीएमआयमधून आलेले चित्र आजही काही टक्के फुगवूनच दाखवतात. टास्कबार कापली जाते ती यामुळे. पण कडा कापल्या जाणे हे त्यातले लहान नुकसान. मोठे नुकसान हे, की चित्र फुगवताना संगणकाने पाठवलेला एकही ठिपका त्याच्या नेमक्या जागी राहत नाही आणि सगळाच पडदा किंचित धूसर होतो.

उपाय टीव्हीच्या मेनूत, पिक्चर साइझ किंवा आस्पेक्ट रेशिओच्या पोटात दडलेला असतो. एलजीच्या अनेक संचांत त्याला ‘जस्ट स्कॅन’ म्हणतात, सॅमसंगमध्ये ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘फिट टू स्क्रीन’, सोनीमध्ये ‘फुल पिक्सेल’, तर आणखी काहींत ‘डॉट बाय डॉट’. मॉडेलनुसार नावे बदलतात, अर्थ एकच: जितके ठिपके आले तितकेच दाखव. काही संगणकांत याच्या उलटा प्रकार घडतो. टीव्ही कडा कापणार असे गृहीत धरून ग्राफिक्स कार्ड आधीच चित्र आक्रसून पाठवते आणि चारही बाजूंनी काळी पट्टी दिसते. अशा वेळी कार्डाच्या सेटिंग्जमध्ये जाऊन एचडीएमआय स्केलिंग शून्यावर आणावे. टीव्ही फुगवतो आणि संगणक आक्रसतो, अशी दुहेरी ओढाताण करून चित्र ‘बरोबर बसवणारे’ही पुष्कळ आहेत. चित्र चौकटीत बसते खरे, पण दोनदा चुरगळून.

१३६६ आणि ७६८ यांचे कोडे

पॅनेलवर जितके ठिपके म्हणजे पिक्सेल आहेत, तितकेच संगणकाने पाठवले तर चित्र स्वच्छ, हा पहिला नियम. फुल एचडी संचावर आडवे १९२० आणि उभे १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल असतात. ४के संचावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे बरोबर चौपट. विंडोजमध्ये डिस्प्लेच्या सेटिंग्जमध्ये टीव्हीचे रिझोल्युशन हेच आहे ना, एवढे पाहावे. लॅपटॉप आणि टीव्हीवर एकच चित्र दाखवणारा ‘डुप्लिकेट’ पर्याय निवडला असेल, तर हमखास फसगत होते. दोन्ही पडद्यांना एकच रिझोल्युशन मिळते आणि पुष्कळदा ते लॅपटॉपचे असते. ४के टीव्हीवर जुन्या लॅपटॉपचे १३६६ गुणिले ७६८चे चित्र ताणून बसवल्यावर ते पुसट न दिसले तरच नवल! विंडोजची कळ आणि पी एकत्र दाबून ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’ किंवा ‘एक्स्टेंड’ निवडले, की टीव्हीला त्याचे स्वतःचे रिझोल्युशन देता येते.

मात्र ‘एचडी रेडी’ म्हणून विकल्या गेलेल्या ३२ इंची संचांचे प्रकरण निराळे आहे, आणि मध्यमवर्गीय घरांत हे संच भरपूर आहेत. त्यांच्या पॅनेलवर बहुधा १३६६ गुणिले ७६८ पिक्सेल असतात. पण टीव्हीच्या दुनियेत या आकड्याचे प्रक्षेपणच नाही. तिथली प्रमाणे ७२० किंवा १०८० ओळींची. त्यामुळे असे अनेक संच एचडीएमआयवरून स्वतःच्याच पॅनेलचा आकडा स्वीकारत नाहीत. ते संगणकाकडे ७२० किंवा १०८० ओळी मागतात आणि त्या ७६८मध्ये बसवतात. गणित मांडले, तर ७२० ओळींचे चित्र आल्यास दर १५ ओळींच्या १६ कराव्या लागतात आणि १०८०चे आल्यास दर ४५ ओळींच्या ३२. एका पिक्सेलच्या जाडीची अक्षराची रेषा अशा गणितात सापडली, की ती कुठे जाड, कुठे फिकी होणारच. चित्रपटात हे डोळ्यांना जाणवत नाही. मजकुरात लगेच जाणवते.

यावर जुन्या व्हीजीए जोडणीचा उतारा अनेकदा लागू पडतो. ज्या संचाच्या मागे १५ पिनांची खोबण आहे, त्यातले अनेक संच त्या वाटेने १३६० गुणिले ७६८ स्वीकारतात. १३६६ नाही आणि १३६० का, याचे कारण असे की ग्राफिक्स कार्डांना आठने भाग जाणारी संख्या सोयीची पडे, आणि १३६६ला आठने भाग जात नाही. कडेच्या सहा पिक्सेलचा त्याग केला, की बाकीचा प्रत्येक ठिपका आपापल्या जागी बसतो. म्हणजे या एका बाबतीत १९८७ सालची तार एचडीएमआयला मात देते! अर्थात, आवाजाची वायर वेगळी जोडावी लागते आणि नव्या लॅपटॉपवर व्हीजीएची खोबण शोधूनही सापडत नाही. तेव्हा ७२० आणि १०८० दोन्ही लावून पाहावे आणि ज्यात अक्षरे सुसह्य दिसतील ते ठेवावे. या संचांकडून छपाईसारख्या अक्षरांची अपेक्षा ठेवणे व्यर्थ आहे, आणि त्यासाठी महाग केबल घेणे तर त्याहून.

रंगांची काटकसर

ओव्हरस्कॅन बंद केला, रिझोल्युशन जुळवले, तरीही रंगीत अक्षरे पुसटच, ही तक्रार ४के टीव्हीवर सर्रास आढळते. तिचे मूळ माणसाच्या डोळ्यात आहे. आपला डोळा उजेड-अंधारातला बारीक फरक चटकन टिपतो, रंगातला बारीक फरक तितक्या तीक्ष्णपणे टिपत नाही. दूरचित्रवाणीच्या अभियंत्यांनी याचा पुरेपूर फायदा घेतला. डीव्हीडी असो, उपग्रह वाहिनी असो वा इंटरनेटवरचा चित्रपट, प्रकाशाची माहिती प्रत्येक पिक्सेलसाठी स्वतंत्र असते, पण रंगाची माहिती मात्र चार पिक्सेलच्या चौकोनाला मिळून एकच. या पद्धतीला तंत्रज्ञ ४:२:० म्हणतात. आडव्या दोन पिक्सेलमध्ये एक रंग वाटला तर ४:२:२, आणि कुठलीही काटकसर न करता प्रत्येक पिक्सेलला त्याचा रंग दिला तर ४:४:४.

नटनट्यांच्या चेहऱ्यावर, निसर्गदृश्यावर ही काटकसर दिसत नाही. निळ्या पार्श्वभूमीवरच्या लाल अक्षरावर मात्र ती उघडी पडते, कारण तिथे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक मुख्यतः रंगाचाच असतो. काळ्या-पांढऱ्या मजकुरालाही तिची थोडी झळ पोहोचते. विंडोजमधील क्लिअरटाइप तंत्र अक्षरांच्या कडा गुळगुळीत करण्यासाठी त्यांना नकळत रंगीत छटा देते; त्या छटा पसरल्या की अक्षराभोवती मळकट झालर दिसू लागते.

संगणक पूर्ण रंग पाठवत असला, तरी टीव्ही स्वतःच्या प्रक्रियेत ते छाटून टाकू शकतो. त्याला थोपवायचे तर समोर संगणक आहे हे त्याला सांगावे लागते. एलजीच्या संचांत त्या एचडीएमआय इनपुटचे चिन्ह बदलून ‘पीसी’ करावे. सॅमसंगमध्ये सोर्सच्या यादीत त्या इनपुटचा प्रकार वा नाव ‘पीसी’ असे द्यावे. सोनीच्या ब्राव्हिया मालिकेत पिक्चर मोड ‘ग्राफिक्स’ निवडावा. नाव बदलल्याने चित्र कसे सुधारेल, असे कुणालाही वाटेल. पण हे नुसते लेबल नसून आतली प्रक्रिया बदलणारी कळ असते. खात्री करायची, तर एखाद्या लेखन-प्रणालीत निळ्या रंगावर बारीक लाल अक्षरांत दोन ओळी टंकाव्यात आणि हा बदल करण्यापूर्वी व नंतर पाहाव्यात. फरक सांगावा लागत नाही.

याच ठिकाणी आणखी एक अडसर येतो तो वेगाचा. ४के चित्र सेकंदाला ६० वेळा, पूर्ण रंगांसह पाठवायचे तर एचडीएमआयमधून सेकंदाला सुमारे १८ गिगाबिट माहिती जावी लागते. २००९च्या एचडीएमआय १.४ची मर्यादा १०.२ गिगाबिटची होती, म्हणून त्यावर ४के चित्र पूर्ण रंगांत सेकंदाला ३० वेळाच मिळे. २०१३च्या २.० आवृत्तीने ही मर्यादा १८वर नेली, २०१७च्या २.१ने ४८वर. पण टीव्ही नवा असला म्हणून त्याच्या साऱ्या खोबणी पूर्ण क्षमतेने चालतातच असे नाही. अनेक संचांत ही क्षमता बंद ठेवलेली असते आणि ती इनपुटनिहाय सुरू करावी लागते. एलजीमध्ये तिचे नाव ‘अल्ट्रा एचडी डीप कलर’, सॅमसंगमध्ये ‘इनपुट सिग्नल प्लस’, सोनीमध्ये ‘एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट’मधील ‘एन्हान्स्ड’. माउसचा बाण पडद्यावर अडखळत, उड्या मारत सरकत असेल तर तो ३० हर्ट्झवर चालला आहे असे खुशाल समजावे आणि विंडोजच्या ‘अॅडव्हान्स्ड डिस्प्ले’मध्ये रिफ्रेश रेट तपासावा.

यूएसबी-सीच्या जोडण्यांनी या गोंधळात भर घातली आहे. ती अंडाकृती खोबण दिसली म्हणजे तिच्यातून चित्र बाहेर पडेलच, असे नाही. काही लॅपटॉपमध्ये ती फक्त चार्जिंग आणि माहितीच्या देवाणघेवाणीपुरती असते. ज्यांत चित्राची सोय आहे, तिथेही स्वस्त अडॅप्टर ४केला ३० हर्ट्झवरच थांबतो. वेष्टणावर नुसते ‘४के’ छापलेले असते; ‘४के ६० हर्ट्झ’ असे स्पष्ट लिहिलेले आहे का, हे घेण्यापूर्वीच पाहिलेले बरे.

काळा रंग करडा का?

टीव्हीच्या जगात काळा म्हणजे १६ आणि पांढरा म्हणजे २३५. संगणकाच्या जगात काळा शून्य आणि पांढरा २५५. दोघांचे मोजमाप जुळले नाही, की चित्राचा तोल जातो. संगणकाने १६ ते २३५च्या मापात चित्र पाठवले आणि टीव्ही शून्यापासून मोजू लागला, तर काळा रंग करडा पडतो, सगळे चित्र धुक्यात बुडाल्यासारखे दिसते. याउलट झाले तर रात्रीच्या दृश्यातले सारे बारकावे काळोखात गडप होतात, काळे केस आणि काळा कोट एक होऊन जातात. ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंग्जमध्ये ‘डायनॅमिक रेंज’ किंवा ‘क्वाँटायझेशन रेंज’ या नावाने ‘फुल’ आणि ‘लिमिटेड’ असे पर्याय असतात; टीव्हीतही ‘ब्लॅक लेव्हल’ वा तत्सम नावाने. दोन्हीकडे एकच माप ठेवावे. ते कोणते, हे दुय्यम. ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्टशी झटापट करून हा दोष कधीच जात नाही, फक्त जागा बदलतो.

टीव्हीची अतिरिक्त हुशारी

दुकानात शेजारी मांडलेल्या दहा संचांमध्ये उठून दिसावा, म्हणून टीव्ही कारखान्यातून भडक होऊनच बाहेर पडतो. शार्पनेस हे त्यातले सर्वांत फसवे बटण. ते वाढवल्याने चित्रात नवा तपशील येत नाही. कडांभोवती फक्त एक पांढरट रेघ ओढली जाते. दुरून चेहरा कोरीव भासतो, अक्षरांना मात्र दुहेरी सावली पडते. शार्पनेस तटस्थ जागी आणावा. ही जागा काही कंपन्यांत शून्यावर असते, सोनीत मध्यावर ५०वर. तेव्हा पडद्यावर मजकूर ठेवून, झालर नाहीशी होईपर्यंत कमी करत जाणे हा सोपा मार्ग. नॉइज रिडक्शन, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट आणि चित्र गुळगुळीत करणारी मोशनची सोय ही सारी संगणकासाठी बंद ठेवावी. मोशनची सोय दोन चौकटींच्या मध्ये स्वतःच्या कल्पनेने तिसरी चौकट घुसवते. त्यात वेळ जातो आणि माउस हलवल्यावर बाण मागून येतो. पीसी किंवा गेम मोड निवडला की यातल्या बहुतेक गोष्टी आपोआप बंद होतात.

एका सोयीकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष जात नाही. भारतीय वाहिन्यांचे कार्यक्रम सेकंदाला २५ चौकटी किंवा ५० अर्धचौकटींच्या हिशेबाने तयार होतात, तर संगणक बहुधा ६० हर्ट्झवर लावलेला असतो. २५ चौकटी ६०मध्ये समान वाटल्या जात नाहीत, म्हणून मालिकांत कॅमेरा आडवा फिरताना किंवा वृत्तवाहिनीची तळपट्टी सरकताना चित्र बारीक बारीक गचके खाते. टीव्हीला ५० हर्ट्झ चालत असेल, आणि भारतातल्या संचांना बहुधा चालते, तर असे कार्यक्रम पाहताना तो पर्याय निवडून पाहावा. काम करताना पुन्हा ६०वर यावे. इंटरनेटवरच्या काही चित्रपट-सेवा नकलेच्या भीतीने संगणकाच्या ब्राउझरला कमी दर्जाचे चित्र देतात. तिथे मात्र सेटिंग्ज कितीही सुधारली तरी उपयोग नाही, टीव्हीतले त्याच सेवेचे अॅप वापरणेच योग्य.

केबलचे खरे आणि खोटे

एचडीएमआयमधून चित्र अंकांच्या रूपात जाते. अंक पोहोचले तर चित्र जसेच्या तसे उमटते. न पोहोचले तर पडद्यावर चमचमते ठिपके दिसतात, चित्र मधूनमधून काळे पडते किंवा मुळीच येत नाही. खराब केबलमुळे अक्षरे ‘थोडी पुसट’ किंवा रंग ‘थोडे फिके’ होत नाहीत. सोन्याचा मुलामा दिलेल्या टोकांमुळे गंज टळत असेल, चित्र सोनेरी होत नाही. दीड-दोन मीटरच्या अंतरासाठी ‘प्रीमियम हाय स्पीड’चे प्रमाणित लेबल असलेली साधी केबल ४केला पुरते, २.१च्या संचावर वेगवान खेळ खेळणाऱ्यांनी ‘अल्ट्रा हाय स्पीड’ घ्यावी. ही लेबले मोबाइलवर स्कॅन करून खरी-खोटी पडताळता येतात. लांबी वाढली की मात्र केबलचा कस लागतो. पाच मीटरच्या पुढे ४के ६० हर्ट्झसाठी साध्या तांब्याच्या केबलचा भरवसा देता येत नाही. दहा मीटरवर भिंतीतून वायर न्यायची असेल, तर प्रकाशतंतूंची सक्रिय केबल हाच पर्याय. इथे पैसे खर्च करणे समर्थनीय ठरते.

पैशांपेक्षा महत्त्वाची गोष्ट विजेची. जुन्या चाळींत आणि इमारतींत अनेक ठिकाणी प्लगला तिसरे छिद्र असते, त्यामागे अर्थिंगची तार नसते. अशा घरात धातूच्या लॅपटॉपला चार्जिंग सुरू असताना हात लावला, तर मुंग्या येतात. हा किरकोळ वाटणारा गळका प्रवाह केबल जोडण्याच्या क्षणी टीव्हीच्या खोबणीतून वाट शोधतो, आणि टीव्हीला केबलचालकाची वायर किंवा डिशची वायर आधीच लागलेली असेल, तर दोन टोकांतल्या विद्युतदाबातला फरक नाजूक एचडीएमआय खोबण निकामी करू शकतो. जोडणी करताना दोन्ही उपकरणांचे प्लग काढलेले असावेत आणि मुंग्या येत असतील तर वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावे. व्हीजीएच्या चित्रात हळूहळू वर सरकणारे आडवे पट्टे दिसणे हेही बहुधा याच दोषाचे लक्षण असते.

किती दूर बसावे?

निकोप दृष्टीच्या माणसाला दोन ठिपके वेगळे दिसण्यालाही मर्यादा आहे. हिशेब केला, तर ४३ इंची फुल एचडी संचाचे पिक्सेल सुमारे साडेपाच फुटांच्या आत बसल्यास वेगवेगळे दिसू लागतात, त्याच आकाराच्या ४के संचाचे पावणेतीन फुटांच्या आत. म्हणजे आठ-दहा फुटांवरच्या सोफ्यावरून चित्रपट पाहणाऱ्याला ४३ इंचांत ४केचा लाभ जवळपास शून्य. त्याच टीव्हीसमोर टेबल मांडून लिहिणाऱ्याला मात्र तो पुरेपूर मिळतो. टीव्हीचाच मॉनिटर करू पाहणाऱ्यांनी म्हणूनच आकारापेक्षा पिक्सेल आधी पाहावेत.

सोफ्यावरून अक्षरे लहान दिसतात म्हणून रिझोल्युशन कमी करणे, हा घरोघरी केला जाणारा उपाय मात्र मुळावरच घाव घालतो. अक्षर मोठे होते आणि त्याच वेळी फाटते. रिझोल्युशन पॅनेलइतकेच ठेवून विंडोजमधले ‘स्केल’ २०० किंवा ३०० टक्के करावे. मग अक्षर मोठेही होते आणि त्याच्या वळणांना अधिक पिक्सेलही मिळतात. ज्येष्ठ नागरिकांसाठी हा एकच बदल केला, तरी ई-पेपर वाचण्यातला फरक स्वतःहून जाणवतो.

तारेची कटकट नको म्हणून मिराकास्ट किंवा क्रोमकास्टने बिनतारी चित्र पाठवणे सोयीचे आहे, पण ते दाबून, आकुंचित करून पाठवले जाते आणि किंचित उशिराही पोहोचते. छायाचित्रे दाखवायला ठीक, लेखन-वाचनाला नाही. ओएलईडी पडद्याच्या टीव्हीवर संगणक रोज बराच वेळ चालणार असेल, तर टास्कबार आपोआप लपण्याची सोय सुरू करावी, पार्श्वभूमी गडद ठेवावी आणि पाच मिनिटांनी पडदा बंद होईल असे वेळापत्रक लावावे. एकाच जागी महिनोन् महिने उजळणाऱ्या चिन्हांचा ठसा या पडद्यावर कायमचा उमटू शकतो.